घडणावळ कुणी धरायची?

खानदेशात लग्न ठरले की सोने जळगावला घ्यायचे, हा रिवाज अजून मोडलेला नाही. धुळ्याला स्वतःचा सराफ बाजार आहे, तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची दुकाने आहेत; तरी नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर जायचे, पेढीवर दोन-तीन तास घालवायचे आणि दिवेलागणीला परत यायचे, यात कुणाला वावगे वाटत नाही. राजमल लखीचंदांची पेढी १८५४ पासूनची. रतनलाल बाफनांनी दुकान थाटले ते १९७४ साली. विदर्भातून, मध्य प्रदेशातून माणसे तिथे येतात. या पेढ्यांवरची पावती कधी सावकाश वाचली आहे का? वजन, त्या दिवसाचा भाव, मग घडणावळ, शेवटी कर. घासाघीस होते ती घडणावळीच्या टक्क्यावर. पण घडणावळ मुळात द्यायचीच कशाला, असे विचारणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. कुणीतरी भट्टीपुढे बसून हात चालवला आहे, त्याचे पैसे द्यावे लागतात, हे शाळेची पायरी न चढलेल्या म्हातारीलाही ठाऊक असते.

त्या घडणावळीतले प्रत्यक्ष घडवणाऱ्या बंगाली कारागिराच्या हाती किती पडते, हा वेगळा आणि फारसा सुखद नसलेला विषय आहे. तो इथे नको. निदान पावतीवर तिचे नाव तरी आहे.

आता दुसरी वही उघडू. घरी बसून मोत्यांचे, रेशमी दोऱ्यांचे, भाजलेल्या मातीचे दागिने करणाऱ्या बाईची वही. तिच्यात मणी, तार, हूक, डबी यांचा खर्च बारीक अक्षरात मांडलेला असतो. घडणावळीची ओळ मात्र नसते. आणि अशाच बायका आज मोठ्या संख्येने ‘ऑनलाइन दुकान’ काढायला निघाल्या आहेत. त्यांना सल्ला देणारेही पुष्कळ. कोणत्या संकेतस्थळावर नाव नोंदवावे, फोटो कोणत्या मोबाईलने काढावेत, दिवसातून किती वेळा जाहिरात टाकावी, हे सगळे सांगायला गल्लोगल्ली माणसे आहेत. घडणावळीबद्दल कुणी बोलत नाही. माझे म्हणणे असे, की ती ओळ भरल्याशिवाय दुकान ऑनलाइन नेऊ नये. नेले तर तोटा गल्लीपुरता होता तो देशभर होईल, एवढाच फरक पडेल.

हे बोलण्याचा मला थोडाफार अधिकार आहे, तो बँकेत पस्तीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासल्यामुळे. माझी भाची धुळ्याला देवपुरात राहते. सहा-सात वर्षे दागिने करते आहे. मुलीच्या स्नेहसंमेलनासाठी केलेल्या एका हारापासून सुरुवात झाली. मग संक्रांतीच्या वाणाला, नवरात्रात नऊ रंगांच्या माळा, डोहाळजेवणाला फुलांचे दागिने. सामान आग्रा रोडवरून येते. जास्त लागले तर मुंबईला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती यादी द्यायची, कारण नकली दागिन्यांच्या सामानाचा घाऊक बाजार भुलेश्वरला आणि मालाडला. गेल्या वर्षी ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. “मामा, कोणत्या साइटवर दुकान काढू?”

मी म्हटले, आधी वही दाखव.

तिचा सर्वांत जास्त खपणारा नग म्हणजे मोत्यांचा हार आणि कानातले, असा सेट. सामान ११० रुपये. पुठ्ठ्याची डबी आणि कागद २२ रुपये. विक्री २५० ला. म्हणजे ११८ रुपये सुटले, असे ती समाधानाने म्हणाली. किती वेळ लागतो? तिने कधी मोजले नव्हते. दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून बसली. तीन तास दहा मिनिटे. भागाकार केला तर तासाला ३७ रुपये आले. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. आठ तासांनी भागा, ३९ रुपये येतात. मातीकाम करणाऱ्या माणसाला सरकार जे किमान देते, त्यापेक्षा दोन रुपये कमी, तेही डोळ्यांची आग होईपर्यंत बारीक तार वळून. आणि यात फोटो काढणे, रात्री दहा वाजता येणाऱ्या “कितलाले शे हाई?” या प्रश्नाला उत्तर देणे, पार्सल बांधणे, टपाल कार्यालयापर्यंत हेलपाटा घालणे हे काहीच धरलेले नाही.

यावर तिचे उत्तर मला आधीच ठाऊक होते. “घरचंच काम आहे ना मामा, त्याची कसली मजुरी?”

हेच ते वाक्य. ते तिचे एकटीचे नाही, तिच्या आईचे आहे, सासूचे आहे. पापड लाटणाऱ्या, फॉल-पिको करणाऱ्या, डबे देणाऱ्या किती बायकांच्या तोंडून ते ऐकले असेल. दुपारचा वेळ फुकट आहे असे एकदा घरादाराने धरून ठेवले, की त्या वेळात केलेल्या वस्तूची किंमत सामानाच्या किमतीभोवतीच घोटाळत राहते. नवरा कौतुकाने सांगतो, “तिला हातखर्चाला बरं.” नणंद हक्काने दोन सेट उचलते. शेजारीण म्हणते, घरचीच आहेस, शंभरात दे. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. छंद म्हणून करायचे असेल तर माझी काही हरकत नाही. छंदाला हिशेब विचारू नये. पण दुकान म्हटले, फलक लावला, अनोळखी माणसाकडून पैसे घेतले, की तो छंद उरत नाही.

गल्लीत एक आडोसा तरी असतो. शेजारणीला दिसते, की ही दुपारभर खिडकीत बसून मणी ओवते आहे. मोबाईलच्या पडद्यावर ते दिसत नाही. तिथे हिच्या हाराच्या बाजूलाच साच्यातून काढलेला, यंत्राने जोडलेला हार १४९ रुपयांना झळकत असतो. फोटोत दोन्ही सारखेच चमकतात. किंबहुना साच्यातला जरा जास्तच चमकतो, कारण त्याच्या फोटोवर कुणीतरी दिवसभर काम केलेले असते. मग घरची बाई काय करते? भाव उतरवते. २५० चे २२०, २२० चे १९९. शिवाय बाजार चालवणाऱ्या कंपनीची दलाली असते, नाहीतर पोच करण्याचा खर्च कापला जातो, आणि गिऱ्हाइकाला पसंत पडले नाही तर माल परत येतो. कधी तो येतो तेव्हा डबी फुटलेली आणि एक कानातले गायब. माझ्या भाचीने अशा एका मोठ्या बाजारात तीन महिने काढले. चौतीस सेट गेले, सात परत आले, आणि शेवटी हिशेब केला तेव्हा तासाची मजुरी ३७ वरून ११ वर आली होती. विक्री वाढली म्हणून घरात पेढे वाटले होते, ते वेगळेच.

या मोठ्या बाजारांना शिव्या देण्यात अर्थ नाही. आठवडे बाजारात ओटा घेतला तर बाजारपट्टी द्यावीच लागते. पण एक फरक आहे. आठवडे बाजारात आपली गिऱ्हाइके आपल्याला तोंडाने ओळखतात. ओटा बदलला तरी शोधत येतात. इथे गिऱ्हाईक कंपनीचे. त्याचा पत्ता, त्याची आवड, मागच्या वर्षी त्याने काय घेतले, हे सगळे कंपनीच्या वहीत. आणि ओट्याचे नियम कधी बदलतील याचा नेम नाही.

हातकामाच्या माणसाला दूरवरून आलेला एक हुकूम कसा उठवतो, हे सोनारांच्या जुन्या पिढीने पाहिले आहे. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले. चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे दागिने घडवायला बंदी झाली. सोने वाचावे, परकीय चलन वाचावे हा मोरारजीभाईंचा हेतू असेल. पण देशभरातल्या लहान सोनारांच्या भट्ट्या विझल्या, कित्येकांनी हातगाड्या लावल्या, काहींनी जीवही दिला. पुढे १९६८ चा कायदा झाला आणि तो रद्द व्हायला १९९० साल उजाडले. तेव्हा हुकूम दिल्लीहून आला होता. आताचे हुकूम बंगळूरहून किंवा अमेरिकेहून येतात आणि त्यांच्याविरुद्ध खासदाराकडे निवेदनही देता येत नाही.

अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात २००५ साली ‘एट्सी’ नावाचा बाजार इंटरनेटवर सुरू झाला. हाताने केलेल्या वस्तूंचाच बाजार, ही त्याची ओळख. घरोघरच्या विणणाऱ्या, दागिने घडवणाऱ्या बायकांनी तो नावारूपाला आणला. २०१३ मध्ये कंपनीने नियम सैल केले. वस्तू बाहेरच्या कारखान्यातून बनवून घ्यायलाही परवानगी मिळाली. २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. २०२२ च्या एप्रिलमध्ये विक्रीवरची दलाली पाच टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेली तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकाने बंद ठेवून संप केला. दलाली काही कमी झाली नाही. ज्यांच्या हातांच्या जोरावर बाजार उभा राहिला त्यांची ही गत. देवपुरातल्या एका बाईचे तिथे कोण ऐकणार?

मग ऑनलाइन दुकान काढूच नये का? काढावे. जरूर काढावे. धुळ्यासारख्या गावाला तर ते फायद्याचेच आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते आपल्या गावात एकमेकांना छेदतात, माल कुठेही जाऊ शकतो. फक्त दुकान आपल्या नावाचे असावे आणि गिऱ्हाइकांची वही आपल्या कपाटात असावी. सुरुवातीला संकेतस्थळाचीही गरज नाही. व्हॉट्सअ‍ॅपने व्यापाऱ्यांसाठीचे वेगळे अ‍ॅप २०१८ च्या जानेवारीत आणले. त्यात फोटो, किंमत, वर्णन अशी यादी लावता येते. त्यासाठी वेगळे सिमकार्ड घ्यावे, घरचा नंबर देऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. रात्री-बेरात्री येणाऱ्या नको त्या संदेशांचा त्रास बायकांनाच जास्त होतो, आणि पुष्कळ दुकाने घाट्यामुळे बंद पडत नाहीत, या त्रासामुळे पडतात. पन्नास-साठ गिऱ्हाइके दुसऱ्यांदा यायला लागली की मग स्वतःचे साधे संकेतस्थळ.

राहिला पैशांचा आणि विश्वासाचा प्रश्न. तो नवा नाही. मासिकांतल्या जाहिराती पाहून व्ही.पी.ने घड्याळे मागवणारी पिढी अजून हयात आहे. पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवायचे आणि खोके उघडायचे. काहींच्या खोक्यातून घड्याळ निघे, काहींच्या खोक्यातून वीट. आजची ‘माल हातात आल्यावर पैसे’ ही सोय म्हणजे त्या विटेच्या भीतीचीच पुढची पिढी. कारखानदाराला ती परवडते. हाताने एकेक नग करणाऱ्याला परवडत नाही, कारण गिऱ्हाइकाने दारातूनच पार्सल परत पाठवले तर जाण्या-येण्याचा खर्च तर बसतोच, शिवाय कुणाच्या तरी साडीच्या रंगाप्रमाणे केलेला हार दुसऱ्याला चालत नाही. सोनार दागिना घडवायला घेताना विसार घेतोच ना? तसा निम्मा विसार आधी घ्यावा, बाकी नग तयार झाल्याचा फोटो पाठवल्यावर. यूपीआयमुळे २०१६ पासून हे सोपे झाले आहे. एवढेच, की समोरच्याने पाठवलेल्या ‘पैसे दिले’च्या चित्रावर विसंबू नये, आपल्या खात्यात रक्कम जमा झालेली पाहावी. आणि पैसे घेण्यासाठी पिन टाकावी लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ करवून घ्यावे.

पण गिऱ्हाइकाने अनोळखी बाईला आगाऊ पैसे का द्यावेत? यासाठी वस्तूचे खरे वर्णन हाच उपाय. हार किती इंच, वजन किती ग्रॅम, शेजारी रुपयाचे नाणे ठेवून काढलेला फोटो, तोही खिडकीतल्या उजेडात. आणि शब्द जपून वापरायचे. ‘सिल्व्हर’ हा शब्द इंटरनेटवर इतका सैल झाला आहे, की रंगालाही सिल्व्हर म्हणतात आणि चांदीलाही. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण. निकेलने कित्येकींच्या कानाच्या पाळीला खाज सुटते, पुरळ उठते. हे लिहिले तर गिऱ्हाईक जाईल, असे माझ्या भाचीला वाटत होते. मी लिहायला लावले: यात चांदी नाही, घाम लागला तर काळे पडते, ज्यांना निकेल सोसत नाही त्यांनी घेऊ नये. त्यानंतर परत येणारा माल जवळपास थांबला. सोन्याला १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या क्रमांकाचे हॉलमार्क सक्तीचे झाले, चांदीला तसला क्रमांक १ सप्टेंबर २०२५ पासून ऐच्छिक म्हणून आला. मोत्याच्या हाराला कुणी शिक्का मारणार नाही. तिथे विकणाऱ्याच्या शब्दावरच चालते.

चांदीचा विषय निघालाच आहे तर एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंटरनेटवर ‘ट्रायबल ज्वेलरी’ या नावाखाली जे विकले जाते, त्यातले पुष्कळसे आदिवासींच्या हाताला शिवलेलेही नसते. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला धडगाव-अक्कलकुव्याकडे जाऊन पाहावे. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. पावरा आणि भिल्ल बायका अंगावर चांदी घालून डोंगर उतरतात. ती चांदी जड असते, खरी असते. तो त्यांचा दागिना आणि त्यांची बँकही. पीक बुडाले तर तीच मोडायची. त्या घाटाची पत्र्याची नक्कल कुठल्या तरी शहरातल्या कारखान्यात करून तिला ‘आदिवासी’ म्हणायचे, यात घडणावळही चोरली जाते आणि नावही. माझ्या भाचीने असले दोन नमुने करून यादीत लावले होते. ते काढून टाकावेत असे मी सुचवले, तिने लगेच काढले. त्या भागातल्या कारागिराकडून घेऊन, त्याचे नाव लिहून, त्याला पैसे देऊन विकायचे असेल तर गोष्ट निराळी. आपण इतक्या जवळ राहतो, निदान आपण तरी तेवढे करावे.

आता मुख्य प्रश्न. कारखान्याच्या १४९ रुपयांच्या हारापुढे ४२५ चा हार कोण घेणार? कारण घडणावळ धरली तर तेवढीच किंमत येते. तासाला ८० रुपये हा दर आम्ही ठरवला. तीन तास दहा मिनिटांचे २५३, सामान आणि डबी १३२, फोटो-पार्सलच्या अर्ध्या तासाचे ४०. खरे उत्तर असे, की फारसे कुणी घेणार नाही. दोन महिन्यांत तो सेट जेमतेम पाच जणींनी घेतला. म्हणून तो सेट तिने बंद केला. हे तिला फार जड गेले, कारण सर्वांत जास्त खपणारा नग तोच होता. पण जास्त खपणारा नग आणि जास्त मिळवून देणारा नग यांतला फरक कळायला बँकेतही काहींना उशीर लागतो.

त्या जागी काय करायचे, ते तिच्याच घरातून निघाले. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, गळ्यातले घालून देवी सजवतात, रात्रभर गाणी चालतात, सोमवारी विसर्जन होते. भाची आपल्या घरच्या कानबाईसाठी नारळाच्या मापाची नथ, कानातले, मंगळसूत्र दरवर्षी स्वतः करते. शेजारच्या दोघी-तिघी मागून नेत. सुरतेला उधना-लिंबायतकडे खानदेशी माणसाची मोठी वस्ती आहे. पुण्याला, नाशिकला, कल्याण-डोंबिवलीला आहे. त्यांच्या घरी कानबाई बसते, पण त्या मापाची नथ तिथल्या दुकानात मिळत नाही. कारखान्याला कानबाई माहीत नाही. तशीच आखाजीची गौराई, तशीच गुलाबाई. मी म्हटले, तुझे दुकान हे. सामान ६०, डबी २०, दीड तासाचे १२०, फोटो-पार्सलचे ४०. किंमत २४० आणि टपालखर्च वेगळा. पहिल्या श्रावणात सुरतेहून एकाच इमारतीतून नऊ मागण्या आल्या. शेजारी १४९ चे काही नव्हतेच, त्यामुळे किमतीवरून कुणी एक शब्द काढला नाही. एका आजींनी तर निरोप पाठवला, की नथ जरा मोठी हवी, आमचा नारळ मोठा आहे. त्यांना हवी तशी करून दिली. लहान दुकानाला जमते ते हेच.

सुरत म्हणजे परराज्य, आणि तिथे कराचा मुद्दा येतो. फार घाबरण्यासारखे नाही, पण माहीत हवे. वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. मोठ्या कंपन्यांच्या बाजारातून विकायचे तर पूर्वी ती सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला आपल्याच राज्यात विकण्यापुरती सूट मिळाली, मात्र पॅन देऊन जीएसटीच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून क्रमांक घ्यावा लागतो. परराज्यात माल पाठवायचा तर नियम कडक आहेत. काही हस्तकला-वस्तूंना सवलत आहे, आपली वस्तू त्या यादीत बसते का ते करसल्लागाराला एकदा विचारून घ्यावे. त्याची फी नंतरच्या दंडापेक्षा कमीच असते. नकली दागिन्यांवर कर तीन टक्के, काचेच्या साध्या बांगड्यांवर शून्य. ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. तिच्यासाठी हजार-पाचशे मागणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचे नाव-पत्ता, माल परत घेण्याच्या अटी, तक्रार कुणाकडे करायची, हे स्पष्ट लिहावे लागते. घरचा पत्ता द्यावा लागणे अनेकींना नको वाटते, ते मी समजू शकतो. पण पत्ता नसलेल्या दुकानात आपण तरी पैसे टाकू का?

कर्ज काढावे का, असेही ती विचारत होती. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात पन्नास हजारांपर्यंत मिळते. मी नको म्हटले. डब्यात तीनशे नथींचे सामान पडून ठेवण्यापेक्षा विसार आला की सामान आणावे.

घरात मात्र थोडी कुरबूर झाली. नणंदेला पहिल्यांदा पूर्ण किंमत सांगितली तेव्हा ती गप्प बसली आणि आठवडाभर बोलली नाही. सासूबाईंनी मात्र सगळ्यांना चकित केले. भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या रोजचे तास लिहू लागल्या, दूधवाल्याचे लिटर लिहावेत तसे. दुपारी दोन ते चार, हिला हाक मारायची नाही. दार त्या उघडतात. हे कुणी त्यांना सांगितले नव्हते.

या वर्षी मागण्या तिच्या दोन हातांच्या पलीकडे गेल्या. कॉलनीतल्या दोघीजणी मदतीला यायला तयार झाल्या. भाचीने मला विचारले, “नगाला पन्नास रुपये देऊ ना मामा? घरबसल्या करतील.” सराईत हाताला दीड तास लागतो, नव्या हाताला अडीच तास. पन्नास भागिले अडीच, तासाला वीस. मी कॅल्क्युलेटर तिच्यापुढे सरकवला आणि गप्प बसलो. ती बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, तासावर नको, नगावरच राहू दे, पण १२० दे. शिकल्या की त्यांना तासाला ८० पडतील. आणि चुकलेले नग दुरुस्त करायला, सामान मोजून द्यायला तिचा जो वेळ जातो त्याचे ५० वर धरायचे. म्हणजे किंमत २९०. मागच्या वर्षीच्या सुरतेच्या नऊ घरांना तिने आधीच कळवून टाकले आहे, की यंदा पन्नास रुपये जास्त पडतील, दोन नव्या बायका कामाला आहेत. सहा जणींचा विसार आला. दोघींनी वाचून काही उत्तर दिलेले नाही. मोठ्या नारळाच्या आजी म्हणाल्या, त्यांची नथ गेल्या वर्षीचीच चांगली आहे, यंदा फक्त कानातले पाठव.